तिसरं वर्ष झाशीला

झाशीहून परत आलेल्या माणसाला लोक पहिला प्रश्न किल्ल्याचा विचारतात. मी तिथं सहा दिवस राहिले, पण किल्ला पाहिला तो फक्त लांबून, रिक्षातून, आणि दर वेळी घाईत. तेव्हा किल्ल्याबद्दल वाचायची इच्छा असेल त्यांची आधीच माफी मागते. मी गेले होते बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळवायला, आणि जे काही पाहिलं ते त्या धावपळीतच पाहिलं.

आधी हे सांगायला हवं की कराडजवळ राहणारी मुलगी तिसऱ्या वर्षासाठी एवढ्या लांब का गेली. माझा विषय भूशास्त्र, म्हणजे दगडांचा अभ्यास. अकरावीत असताना आमच्या शेजारच्यांची विहीर खणली, तेव्हा निघालेला एक काळा दगड फुटला आणि आत पांढऱ्या सुयांचा गुच्छ निघाला. तो हातात धरून मी तासभर उभी होते, आणि तेव्हाच काय शिकायचं ते ठरलं. कॉलेजात या विषयाला दुसऱ्या वर्षी आम्ही तिघंच उरलो. यंदा निकाल लागल्यावर फलकावर कागद लागला की पुरेसे विद्यार्थी नसल्यामुळे तिसऱ्या वर्षाचा भूशास्त्राचा वर्ग भरणार नाही, इच्छुकांनी केमिस्ट्री घ्यावी. बाकीच्या दोघांनी दुसऱ्याच दिवशी केमिस्ट्रीचे अर्ज भरले. मला ते जमेना. आपल्याकडच्या चार ठिकाणी विचारलं, थेट तिसऱ्या वर्षाची जागा कुठंच नव्हती. मग झाशीहून शैलामावशीचा फोन आला. ती आईची चुलत बहीण, पंचवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन तिकडं गेलेली. म्हणाली, "इथल्या विद्यापीठात तुझा विषय आहे. जागाही आहेत म्हणतात. येऊन तर बघ."

बाबा एसटीच्या वर्कशॉपात आहेत. ते बोलतात कमी आणि अटी घालतात स्पष्ट. म्हणाले, "वर्ष वाया न जाता घेत असतील तर खुशाल जा. नाहीतर शनिवारच्या आत कळव आणि इथं केमिस्ट्री घे. तोवर ते जागा राखून ठेवतायत." मी मान्य म्हणाले. आई बरोबर येणार होती, पण ऐनवेळी तिला ताप आला आणि मी एकटीच निघाले.

सोमवार

गाडीतला प्रवास सगळ्यांचा असतो तसाच झाला. एवढंच सांगते की सोमवारी उजाडल्यावर खिडकीबाहेर पाहिलं तर जमिनीचा रंगच बदललेला होता. आपल्याकडे कातळ काळा, डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे, माथ्यावर सपाट. इथं शेतात मधूनच गुलाबी, गोलसर धोंडे एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे. मी या दगडाचे तुकडे प्रयोगशाळेच्या ट्रेमध्ये पाहिले होते, बोटभर लांबीचे. आता तो डोळा पोचेल तिथवर पसरलेला होता. मी बर्थवर मांडी घालून बसले आणि स्टेशन येईपर्यंत खिडकी सोडली नाही.

स्टेशनवर विनायककाका, म्हणजे मावशीचे यजमान, स्कूटर घेऊन आले होते. ते बँकेत क्लार्क आहेत. त्यांच्या घराण्यातले कुणी अडीचशे वर्षांपूर्वी दफ्तर सांभाळायला कोकणातून इकडं आले ते इथलेच झाले. "ऋतुजा बेटा, सफर ठीक झाला ना?" त्यांनी विचारलं, आणि मी हसू आवरलं. त्यांचं मराठी असंच आहे, निम्मं हिंदी. पण स्वयंपाकघरात गेलं की त्यांच्या तोंडी असे शब्द येतात जे मी कधी ऐकलेही नव्हते. आमटी वाढायच्या पळीला ते ओगराळं म्हणतात आणि पसरट पातेल्याला तसराळं. मावशी म्हणाली, "मी साताऱ्याची असून मला इथं येऊन मराठी शिकावं लागलं."

इलाइट चौराह्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुसऱ्या मजल्यावरचं घर आहे. खाली सकाळपासून कचोरीची कढई चढलेली असते. कचोरीवर बटाट्याची पातळ भाजी ओततात आणि सोबत गरम जिलबी देतात. सकाळी सकाळी गोड आणि तिखट एकत्र खायचं हे आपल्याकडे कुणाला सांगून पटणार नाही. मला पहिल्या घासाला पटलं.

दुपारी विद्यापीठात गेले. विभागप्रमुख सक्सेना सर सभ्य माणूस. माझी गुणपत्रकं त्यांनी दोनदा पाहिली, अभ्यासक्रमाची पुस्तिका शेवटपर्यंत चाळली आणि चष्मा काढला.

"बेटा, नंबर तो बहुत अच्छे हैं. पर फील्डवर्क कहाँ है?"

हेच होणार याची मला धास्ती होती. इथं दुसऱ्या वर्षाला आठ दिवस डोंगरात राहून नकाशा काढावा लागतो. आमच्याकडे तो भाग कागदावर होता, पण तीन मुलांसाठी सहल कोण काढणार?

"दूसरे साल में दाखिला ले लो. आराम से पढ़ो," सर म्हणाले.

"सर, मैं एक साल नहीं गँवा सकती. जो काम बाकी है वो मैं कर दूँगी."

त्यांनी थोडा विचार केला. फील्डवर्क राजपूत मॅडम घेतात. ते काम आलंय असं मॅडमनी लिहून दिलं तर शनिवारी दुपारी दोनपर्यंत ते माझा अर्ज पुढं पाठवतील, त्यानंतर नाही. पण मॅडमचा पाय मोडला होता आणि त्या रजेवर होत्या, गुरसराय नावाच्या गावी, माहेरी. फोन त्या क्वचितच उचलतात. पत्ता विचारला तर सर म्हणाले, "गुरसराय में किसी से भी पूछ लेना, मास्टर साहब का घर."

घरी येऊन सांगितलं तर काका म्हणाले, "एक साल गेला तर काय बिघडतं? आमच्या खानदानात कोणाला घाई नव्हती. चार दिवसांसाठी आले होते, अजून परत नाही गेले."

"तिला जायचंय तर जाऊ दे," मावशी म्हणाली. "मला वीस वर्षं कुणी घाई करू दिली नाही, म्हणून माझं बी.एड. राहिलं."

काका उठले आणि बसच्या वेळा विचारायला त्यांनी कुणाला तरी फोन लावला.

मंगळवार, चुकीची बस

गुरसरायची थेट बस माझ्या डोळ्यांसमोर निघून गेली. मग कानपूरच्या रस्त्यावरच्या मोंठपर्यंत एका बसने जायचं आणि तिथं दुसरी घ्यायची असं ठरलं. मोंठच्या तिठ्यावर तीन बसगाड्या एकाच वेळी ओरडत होत्या. मी विचारलं, कंडक्टरने मान हलवली, मी चढले. चूक माझीच. मान तो दुसऱ्याच कुणाला तरी हलवत होता.

शेजारी एक साठीच्या बाई पायाशी दुधी भोपळ्यांचं गाठोडं घेऊन बसल्या होत्या. पाचेक मिनिटं माझ्या पिशवीतल्या हातोडीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "काय बिन्नू, कितै जाने?"

"काय" ऐकलं आणि मला वाटलं, सुटले, मराठी बाई भेटल्या! काका सांगत होतेच की गुरसरायला एके काळी आपल्या लोकांची जहागीर होती. मी उत्साहाने मराठीत सुरू केलं, "गुरसरायला चाललेय हो, तिथं एका मॅडमना भेटायचंय, तुम्ही तिथल्याच का?" बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मागच्या बाकावरचे दोघं हसायला लागले. इकडच्या बुंदेली बोलीतही 'काय' असतं आणि 'बिन्नू' म्हणजे पोरी, हे मला त्या दिवशी कळलं.

मी हिंदीत पुन्हा सांगितलं तेव्हा बाईंनी कपाळाला हात लावला. "बिन्नू, जा तौ समथर की बस आय!"

समथर अगदी उलट्या बाजूला. तोवर गावची घरं दिसायला लागली होती. उतरले तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि परत जाणारी बस दीड तासाने होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असावं, कारण बाईंनी गाठोडं एका दुकानाच्या पायरीवर ठेवलं, मला शेजारी बसवलं आणि चहा मागवला. समोर बाजार भरलेला होता, त्याच्या मागं गढीच्या भिंती दिसत होत्या. मातीच्या घागरी, दोरखंड, खेळण्यांसारखे रंगीत प्लास्टिकचे ड्रम. आमच्याकडच्या आठवडी बाजारासारखंच सगळं, फक्त विकणारे आपला माल ओरडून सांगत नव्हते, गिऱ्हाईक येईल म्हणून शांत बसले होते.

"का पढ़तीं?" बाईंनी विचारलं.

"पत्थर," मी म्हणाले. त्याहून सोपं मला सुचेना.

"पथरा?" बाई मनापासून हसल्या. "इतै तौ पथरई पथरा हैं! इत्ती दूर सें पथरा पढ़बे आईं?"

"हो," मी म्हणाले, आणि मलाही हसू फुटलं.

चहा संपल्यावर त्या उठल्या आणि मोंठकडे निघालेल्या एका जीपवाल्याशी भांडायला लागल्या. जीप भरलेली होती. त्याने नाही म्हटलं. बाईंनी त्याच्या आईचं नाव घेऊन काहीतरी सुनावलं, बहुधा ओळखीची असणार, आणि पुढच्या सीटवरचा माणूस मागं लटकायला गेला. मी बसले. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं, ते मनाला लागून आहे.

गुरसरायला पोचायला तीन वाजले. मास्टरसाहेबांचं, म्हणजे मॅडमच्या वडिलांचं, घर खरंच कुणीही दाखवलं. अंगणात बाजेवर प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून राजपूत मॅडम पेपर वाचत होत्या. पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले, आवाज वर्गातल्यासारखा. मी कोण, कुठून आले, काय हवंय ते एका दमात सांगितलं. त्यांनी कठड्यावर मांडलेल्या दगडांकडे बोट केलं.

"बताओ."

पहिला काळा, बारीक कणांचा. मी लगेच सांगितला. काळ्या दगडातच वाढलेय मी. दुसरा गुलाबी, तोही ओळखला. तिसरा पांढरा, गारगोटीचा मोठा तुकडा. नाव बरोबर सांगितलं, पण "हा जमिनीत कसा असतो" म्हटल्यावर मी पुस्तकातलं एक वाक्य म्हटलं. मॅडमनी विचारलं, "देखा है?" मी म्हणाले, "नहीं." चौथ्याला तर साफ चुकले.

"तुम झूठ नहीं बोलतीं, यह अच्छा है," मॅडम म्हणाल्या. "लेकिन जो काम किया नहीं, उस पर दस्तख़त कैसे कर दूँ?"

मी म्हणाले, "मत कीजिए मैडम. काम दीजिए."

हे मी कसं बोलले कोण जाणे. पण मॅडमनी पेपर घडी करून ठेवला. झाशीच्या बाहेर बारा किलोमीटरवर रस्त्याच्या उजव्या हाताला गारगोटीचा लांबलचक पांढरा कणा जमिनीतून वर आलेला आहे. त्याच्या अर्ध्या किलोमीटरचा नकाशा काढायचा, कुठला दगड कुठं आहे, कुठल्या दिशेला जातो, कोण आधीचा आणि कोण नंतरचा. शुक्रवारी नकाशा घेऊन यायचं. आईला हाक मारून त्यांनी कपाटातून स्वतःचा कंपास आणवला आणि माझ्या हातात दिला.

मॅडमच्या आईंनी मात्र मला तसं सोडलं नाही. ताकात शिजवलेलं जाडसर दळलेलं ज्वारीचं भरड, त्याला इथं महेरी म्हणतात, वाडगाभर पुढं ठेवलं. पहिला चमचा तोंडात गेला आणि मी म्हणाले, "अरे, ही तर आमची आंबील!" फक्त आमची पातळ, पिण्याजोगी, आणि ही घट्ट. सकाळच्या कचोरीनंतर चहाखेरीज पोटात काही नव्हतं. मी दोनदा मागून घेतली.

बुधवार

काकांनी न सांगता अर्धी रजा टाकली होती. सकाळी सहाला स्कूटर बाहेर काढून हॉर्न वाजवत उभे. "तू फिकीर नको करूस, फीता मी पकडतो."

जवळून पाहिलं तर ती गारगोटीची भिंत माझ्या कल्पनेहून मोठी निघाली. दोन मजली घराएवढी उंच, पांढरी, कुठं कुठं तांबूस झालेली, आणि सरळ ईशान्येकडे गेलेली. दोन्ही बाजूंना गुलाबी कातळ. श्रावण असूनही पाऊस नव्हता, हवा अंगाला चिकटत होती. काका टेपचं एक टोक धरून बोरीच्या काट्यांतून पुढं जात, मी आकडे वहीत लिहीत होते. तासाभराने त्यांचा सदरा पाठीवर फाटला.

"हे सगळं मोजून त्या पत्थराला काय फायदा?" त्यांनी विचारलं.

"पत्थराला काही नाही काका, मला आहे."

"मग ठीक," म्हणाले आणि पुन्हा काट्यांत शिरले.

दहाच्या सुमारास मला काळा दगड दिसला. कातळात एक हातरुंद पट्टा, पुढं रुंद होत गेलेला, वायव्येकडून येणारा. अख्ख्या गुलाबी प्रदेशात माझ्या ओळखीचं कुणीतरी भेटावं तसं वाटलं. मी त्याच्या मागोमाग गेले. पट्टा गारगोटीच्या दिशेने गेला आणि जिथं दोघं भेटायला हवे तिथं माती आणि झुडपांत दिसेनासा झाला. मी तिथं तुटक रेघ मारली आणि पुढं गेले. दुपारी काका बँकेत गेले, मी घरी बसून संध्याकाळपर्यंत नकाशा रंगवला. सुबक झाला होता. त्याचा फोटो मॅडमना पाठवला.

अर्ध्या तासाने उत्तर आलं, एका ओळीचं. "नक्शा साफ है. काट कौन रहा है?"

म्हणजे काळा पट्टा गारगोटीला कापून पलीकडे जातो, की गारगोटी त्याला कापते? जो कापतो तो नंतरचा. माझ्या तुटक रेघेखाली नेमकं तेच उत्तर झाकलेलं होतं, आणि मी ते टाळून पुढं गेले होते. पुस्तकात दोन्हीचं वय दिलेलं आहे, मी अंदाजाने लिहू शकले असते. पण मॅडमचा प्रश्न आठवला, देखा है?

गुरुवार

काकांना रजा नव्हती. एकटीला मावशी जाऊ देईना. शेवटी तिनेच चपला बदलल्या, छत्री घेतली, डब्यात पोळी आणि कारल्याची भाजी भरली, आणि आम्ही दोघी ऑटो करून निघालो. रस्त्याने हजारदा गेली होती ती, पण त्या कण्यावर कधी पाय ठेवला नव्हता. चढताना म्हणाली, "पंचवीस वर्षं मला वाटायचं, कुणीतरी बांधून अर्धवट सोडलेली भिंत आहे."

आम्ही झुडपं बाजूला करत त्या पट्ट्याच्या टोकापासून सुरुवात केली. माती उकरली, हातोडीने ढेकळं फोडली. दोन तासांत काही नाही. अकरा वाजता फोन वाजला. आमच्या जुन्या कॉलेजातले क्लार्क होते, सावंतभाऊ, भला माणूस.

"ऋतुजा, केमिस्ट्रीची यादी आजच वर पाठवायला सांगितलीय. शनिवारपर्यंत थांबता येत नाही बघ. तुझं नाव ठेवू की काढू?"

मी विचारलं, एक दिवस थांबता येईल का? ते म्हणाले, दुपारपर्यंतही नाही, दोन मुलं रांगेत उभी आहेत.

मावशी छत्री धरून माझ्याकडे पाहत होती. खाली रस्त्यावरून ट्रक जात होते. मला बाबांची अट आठवली, सक्सेना सरांचा चष्मा आठवला, आणि हेही कळत होतं की इथं काही सापडलं नाही तर शनिवारी माझ्याकडे ना हे कॉलेज असेल ना ते. पण नाव ठेवलं असतं तर मी त्या क्षणापासून मनाने परत निघाले असते. मातीत हात घालायची ताकद राहिली नसती.

"काढा भाऊ," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"विचार केलायस ना पोरी?"

"केलाय."

फोन पिशवीत टाकताना हातातली वही खाली पडली. मावशीने ती उचलून झटकली. ती समजूत घालेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "कुठं शोधायचं राहिलंय ते सांग."

राहिला होता तो पलीकडचा उतार, जिथं पावसाळी पाण्याने एक घळ पाडली होती. काटेरी झुडपांमुळे मी आणि काका तिकडं गेलोच नव्हतो. आता छत्री मिटून मावशी तिने फांद्या दाबून धरू लागली आणि मी बसत, सरकत खाली उतरले. कोपर सोलवटलं, ओढणी काट्यांना अडकून तिथंच राहिली. घळीच्या भिंतीवरची ओली माती हाताने पुसली आणि मला तो दिसला. पांढऱ्या गारगोटीच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत, काळा दगड. दोन्ही कडा सुरीने कापल्यासारख्या. काळा गारगोटीतून आरपार गेला होता. गारगोटीचे छोटे तुकडे त्याच्या पोटात अडकलेले होते, म्हणजे तो आला तेव्हा ती आधीच तिथं होती.

"मावशी, सापडला!" मी ओरडले.

"कोण?" वरून तिने घाबरून विचारलं.

मी हसत होते आणि रडत होते. त्या काळ्या कडेवर हात ठेवून बराच वेळ बसले. मग पेन्सिल काढली, दिशा घेतली, रुंदी मोजली आणि तुटक रेघ पुसून सलग रेघ ओढली.

संध्याकाळी बाबांना फोन करून जागा सोडल्याचं सांगितलं. पलीकडं वर्कशॉपातलं कुठलं तरी इंजिन तेवढं ऐकू येत होतं.

"अट मोडलीस," बाबा म्हणाले.

"हो."

"मग आता काम पुरं करूनच ये."

शुक्रवार आणि शनिवार

या वेळी थेट बस मिळाली. मॅडमनी नकाशा बाजेवर पसरला, चष्मा नाकाच्या टोकावर आणला आणि बोट तुकड्यातुकड्याने फिरवत गेल्या. घळीच्या जागी थांबल्या. "यहाँ उतरीं?" मी कोपर दाखवलं. त्यांनी आईला हळद आणायला सांगितलं.

मग म्हणाल्या, "उत्तर किधर है?"

मला प्रश्न कळेना. त्यांनी नकाशाच्या कोपऱ्यावर टिचकी मारली. दोन दिवस खपून काढलेल्या नकाशावर मी उत्तर दिशेचा बाण काढायला विसरले होते. पहिल्या वर्षाच्या मुलालाही त्यासाठी ओरडा बसतो. मी मान खाली घातली. मॅडमनी स्वतःचं पेन पुढं केलं. "बना लो. सब भूलते हैं, एक बार." त्या पहिल्यांदा हसल्या.

त्यांनी जे लिहून दिलं ते मी शब्दशः पाठ केलं आहे. पण इथं सारांश सांगते. विद्यार्थिनीला नकाशाकाम येतं, तिसऱ्या वर्षाला प्रवेश द्यायला हरकत नाही, मात्र हिवाळ्यातलं आठ दिवसांचं शिबिर तिने दुसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर पूर्ण करावं.

"जूनियर्स के साथ जाना पड़ेगा. शरम तो नहीं आएगी?"

"नहीं मैडम. खाना भी मैं ही बना दूँगी."

"पहले खाकर देखेंगे," मॅडम म्हणाल्या आणि सही केली. कंपास परत द्यायला काढला तर म्हणाल्या, दिसंबर में लौटाना.

शनिवारी मी सव्वानऊलाच विभागाबाहेर जाऊन बसले. सक्सेना सर अकराला आले, पत्र वाचलं, नकाशा पाहिला, शिपायाला बोलावून त्यालाही दाखवला. मग सही करून अर्ज पुढच्या खिडकीवर पाठवला. खिडकीवरच्या बाईंनी जुन्या विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र मागितलं. ते माझ्याकडं नव्हतं. त्या म्हणाल्या, पंधरा दिवसांत आणून दिलं तरी चालेल, तोवर तात्पुरती पावती घ्या. पावतीवर नाव हिंदीत 'रितुजा' लिहिलं होतं. मी ते दुरुस्त करून घेतलं, समोर उभं राहून.

काकांनी इलाइटवरून किलोभर जिलब्या आणल्या आणि शेजारच्यांना वाटताना सांगत सुटले की नकाशाचा अर्धा भाग त्यांनी मोजलाय. मावशीने कपाटाचा एक खण रिकामा केला, वसतिगृहात जागा मिळेपर्यंतचा.

रात्रीच्या गाडीने मी प्रमाणपत्र आणायला परत निघाले. प्लॅटफॉर्मवर गर्दी होती, उकाडा होता. आईचा फोन आला. ताप उतरला होता तिचा. तिने सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून ऐकून घेतलं, बाबांनी सांगितलं होतं तरी. मग स्वयंपाकघरातून बोलते त्या आवाजात म्हणाली, "बरं, किती दिवस आहेस मग?"

वीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. माहेरी आलेल्या आत्यांना विचारतात, पाहुण्यांना विचारतात. तिलाही बोलून गेल्यावर ते जाणवलं असावं, कारण ती थांबली.

"बारा दिवस," मी म्हणाले. "तेराव्या दिवशी निघते."

"बारा पुष्कळ झाले," आई म्हणाली, आणि तिकडच्या थंडीसाठी स्वेटर तेवढ्यात विणून होईल का, लोकर कुठल्या रंगाची आणू, हे विचारायला लागली.